मालमोटारीच्या जोडचाकांतील हवा

ऊस, कांदा, द्राक्षे, कापूस, कडबा असा शेतमाल शेतातून कारखान्यापर्यंत अथवा बाजारपेठेपर्यंत नेण्याचे काम आज बहुतांशी मालमोटारी व टेम्पो ह्यांवर अवलंबून आहे. सहकारी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या ह्यांच्या मालकीच्या मालमोटारी गावोगाव दिसतात. चारसहा शेतकऱ्यांनी मिळून घेतलेला ४०७ जातीचा टेम्पोही आता नवलाचा राहिलेला नाही. इंजिनाचे तेल व पाणी ह्यांकडे मालकाचे सहसा लक्ष असते. टायरांकडेही असते, परंतु ते डोळ्यांना दिसणाऱ्या टायरांपुरतेच. मागील बाजूस दोन-दोन टायर एकमेकांशेजारी बसविलेले असतात. त्यांतील आतला टायर दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो मोजलाही जात नाही. ऐन हंगामात भरल्या गाडीचा मागचा टायर फुटतो तेव्हा रस्त्यातील दगडाला अगर टायर बनविणाराला दोष दिला जातो. खरे कारण पुष्कळदा न मोजलेली हवा हे असते.

जोडचाकांची रचना

सहाचाकी मालमोटारीस पुढे दोन व मागे चार टायर असतात. मागील आसाच्या प्रत्येक टोकास दोन चाके एकाच हबवर, एकाच नटांनी आवळून बसविलेली असतात. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ही दोन चाके मिळून एकच भार उचलतात. दुसरी अशी की, ती एकत्र जखडलेली असल्यामुळे दोघांनाही सारखेच फेरे घ्यावे लागतात; एकाने मागे राहावे व दुसऱ्याने पुढे जावे असे होऊ शकत नाही.

जोताला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक अंग चोरू लागला तर सारे ओझे दुसऱ्यावर येते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. जोडचाकांतही तेच घडते. फरक एवढाच की, अंग चोरणारा बैल दिसतो आणि अंग चोरणारा टायर दिसत नाही. सुटी असलेल्या पुढच्या चाकाची हवा गेली तर गाडी एका बाजूस ओढते व चालकाच्या तत्काळ ध्यानात येते. मागे मात्र एकाची हवा गेली तरी शेजारचा टायर गाडी तोलून धरतो. गाडी खाली बसत नाही, ओढत नाही, आणि चालक तिला तशीच पुढे नेतो.

भार कोण उचलतो?

टायरचे रबर व त्यातील धागे अगर पोलादी तारा भार उचलतात असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भार उचलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. टायर ही तिला धरून ठेवणारी पिशवी होय. हवेचा दाब कमी झाला की, टायर कितीही जाड असला तरी त्याची भार उचलण्याची ताकद कमी होते. हा दाब दर चौरस इंचास इतके पौंड असा मोजतात, आणि हवा भरणाराकडे 'किती पौंड?' असे विचारतात ते ह्याच मापाने. शंभर पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे ७ किलोग्रॅम.

कोणता टायर किती भार उचलू शकतो हे त्याच्या बाजूवर उमटविलेले असते, परंतु ते वाचण्याची सवय फारच थोड्यांना आहे. मालमोटारीच्या टायरवर '१४६/१४३' अशासारखे दोन आकडे इंग्रजी अंकांत आढळतात. त्यांतील पहिला आकडा टायर एकेरी वापरला असता पेलणाऱ्या भाराचा असून दुसरा जोडीत वापरला असता पेलणाऱ्या भाराचा आहे. १४६ म्हणजे ३,००० किलोग्रॅम व १४३ म्हणजे २,७२५ किलोग्रॅम. जोडीतील टायरचा भार मुद्दाम कमी धरलेला आहे, कारण दोन टायर भार कधीच अगदी सारखा वाटून घेत नाहीत, हे टायर बनविणारांनाही मान्य आहे.

केंद्र शासनाने २०१८ साली मालवाहू वाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढविली. चार टायर असलेल्या एकेरी आसास पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती, ती ११.५ टन करण्यात आली. पूर्वीच्या मर्यादेप्रमाणे दर टायरच्या वाट्यास २,५५० किलोग्रॅम येत, आता २,८७५ येतात. वर सांगितलेला २,७२५ किलोग्रॅमांचा टायर जुन्या मर्यादेस पुरत होता. नव्या मर्यादेस तो पुरत नाही. मर्यादा वाढल्याने टायरची ताकद वाढलेली नाही. सबब गाडीच्या नोंदणीपत्रात जो भार नमूद असेल तोच धरावा, आणि नवे टायर घेताना दुसरा आकडा त्या भारास पुरेसा आहे किंवा कसे हे पाहूनच घ्यावेत. अशा पूर्ण भरलेल्या गाडीच्या जोडीतील एका टायरची हवा गेली तर उरलेल्या एका टायरवर ५,७५० किलोग्रॅम भार येतो, म्हणजे त्याच्या शक्तीच्या जवळजवळ दुप्पट. मर्यादेहून अधिक ऊस भरलेल्या गाडीचा हिशेब करण्याची आवश्यकता नाही.

हवा कमी असता काय होते

हवा कमी असलेला टायर जमिनीजवळ अधिक चेपतो आणि चाक फिरेल तसा सुटतो. एक किलोमीटर अंतरात मोठ्या मालमोटारीचे चाक सुमारे तीनशे फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा वाकते व एकदा सरळ होते. तार वारंवार वाकविली असता ती तापते व शेवटी तुटते, तशीच गत टायरमधील तारांची होते. बाहेरून टायर धडधाकट दिसत असतो, आत मात्र रबर व तारा एकमेकांपासून सुटत जातात. पुढे केव्हा तरी, कधी कधी पुन्हा पुरेशी हवा भरल्यानंतरच, टायरची बाजू उसवल्यासारखी लांब फाटते.

जोडीत आणखी एक प्रकार घडतो. दोन टायरांत काही अंतर राखलेले असते ते हवा खेळावी म्हणून. हवा कमी व भार अधिक झाला की दोन्ही टायर खालच्या बाजूस फुगतात आणि त्यांच्या बगला एकमेकींना घासू लागतात. दोघांच्या आतील बाजूवर गोल घासलेला पट्टा आढळला तर हेच घडत आहे असे निश्चित समजावे.

तिसरा प्रकार घसटण्याचा. हवा कमी असलेल्या टायरचा घेर भाराखाली किंचित लहान होतो. शेजाऱ्याबरोबर त्यालाही तेवढेच फेरे घ्यावयाचे असल्याने तो काही अंतर फिरण्याऐवजी ओढला जातो. दोन टायरांच्या व्यासात अवघा ६ मिलीमीटर फरक असला तर घेरात सुमारे १९ मिलीमीटर फरक पडतो. किलोमीटरास तीनशे फेरे धरले तर ढोबळ मानाने दर किलोमीटरास साडेपाच मीटरांहून अधिक, आणि शंभर किलोमीटरांत अर्ध्या किलोमीटराहून अधिक अंतर रबर रस्त्यावर खरवडले जाते. हे रबर मालकाच्या पैशाचे असते आणि ते ओढण्यास लागणारे डिझेलही.

हवा पार गेलेला आतला टायर तसाच ओढला गेला तर तो पेटूही शकतो. ही आग पुष्कळदा गाडी चालू असताना न दिसता ती थांबल्यावर दिसते, कारण चालत्या गाडीस वाऱ्याने मिळणारा गारवा थांबताच बंद होतो. वर कडबा, कापूस किंवा पाचटासह ऊस असला म्हणजे प्रसंग किती बिकट होतो हे उघड आहे. टायरची ज्वाळा विझली तरी आतील उष्णतेने तो पुन्हा पेट घेतो. म्हणून भरपूर पाणी मारून तो पुरता थंड होईपर्यंत धोका टळला असे मानू नये.

दाब केव्हा व किती

गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर, टायर थंड असताना घेतलेला दाब हाच खरा दाब होय. पहाटे, उन्हे चढण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली. ऊसवाहतुकीत ह्यासाठी वेगळा वेळ काढण्याचे कारण नाही. कारखान्याच्या गाडीतळावर वजनकाट्याची वाट पाहत गाड्या तासन् तास उभ्या असतात. तोच वेळ योग्य आहे. गाडी भरलेली आहे म्हणून दाब घेता येत नाही ही समजूत बरोबर नाही. भार चढल्याने टायर चेपतो, परंतु आतील दाबात नगण्यच फरक पडतो.

चालून आलेल्या टायरचा दाब अधिक दिसतो, तो उष्णतेमुळे. सकाळी ३० अंश तपमानास १०० पौंड असलेल्या टायरमधील हवा ६० अंशांपर्यंत तापली तर माप १११ पौंडांच्या आसपास दाखवील. ही वाढ टायर बनविणाराने हिशेबात धरलेली असते. पुष्कळ चालक दुपारी ती पाहून वरची हवा सोडून देतात. असे केल्यास दुसऱ्या दिवशी पहाटे त्या टायरमध्ये नव्वदच पौंड उरतात, आणि गाडी पूर्ण भाराने निघते. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये.

ऋतुमानाचाही परिणाम होतो. निफाड तालुक्यात जानेवारीतील पहाटे पारा १० अंशांच्या बराच खाली उतरतो, तर उन्हाळ्यात तेथेच तो चाळिशीला पोचतो. मे महिन्यात ४० अंशांस ११० पौंड भरलेला टायर, एक कणही हवा न गळता, जानेवारीतील ८ अंशांस ९७ पौंडांवर येतो. लासलगावचा कांदा भरून मुंबईकडे निघालेली गाडी पुढे कसाऱ्याचा घाट उतरते. उतारावर ब्रेक वारंवार वापरावे लागतात, त्यांचे ड्रम तापतात, आणि ती धग सर्वांत आधी आतल्या चाकास लागते. म्हणजे जो टायर मोजला जात नाही त्यालाच अधिक उष्णता सोसावी लागते. हिवाळा सुरू होताच व पुन्हा उन्हाळा सुरू होताच सर्व टायरांचा दाब नव्याने जुळवून घ्यावा, तो ह्यासाठी.

दाब किती असावा ह्यास सर्व गाड्यांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत अथवा गाडीवर लावलेल्या पट्टीवर पुढील व मागील टायरांचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. तो प्रमाण मानावा. जास्त माल भरावयाचा म्हणून जास्त हवा भरणे हा उपाय नव्हे. अति ताठ टायर खड्ड्यात आपटला की आतून फुटतो, आणि त्याची मधलीच नक्षी झिजते. उलट, ओल्या शेतातून गाडी बाहेर काढण्यासाठी काही चालक मागच्या टायरांची हवा कमी करतात. मऊ जमिनीवर त्याने पकड वाढते हे खरे आहे, परंतु डांबरी सडकेवर येताच हवा पुन्हा भरली नाही तर वर वर्णिलेले सर्व प्रकार घडतात. त्यापेक्षा शेतात अर्धा माल भरून गाडी सडकेवर आणावी व उरलेला माल तेथे भरावा. त्यात मजुरी थोडी अधिक पडते, पण टायर वाचतो.

हवा साधी असावी की नायट्रोजन, असाही प्रश्न अलीकडे विचारला जातो. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जे काही भरले त्याचा दाब मोजला जातो की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आतल्या टायरचा दाब घेण्याची रीत

टायरवर पाना अगर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखण्याची रीत सर्वत्र आहे. तिने पार बसलेला टायर ओळखता येतो, एवढेच. वीस-तीस पौंड हवा कमी असलेल्या टायरचा आवाज पुरेशी हवा असलेल्या टायरसारखाच येतो. डोळ्यांचाही भरवसा नाही, कारण हल्लीचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात. ह्या कामास दाब मोजणारे माप, ज्याला गॅरेजवाले गेज म्हणतात, तेच पाहिजे.

मोटारसायकलीचे गेज येथे चालत नाही. त्याची पट्टी शंभर पौंडांच्या पुढे जात नाही व त्याचे तोंड आतल्या चाकापर्यंत पोचत नाही. जोडचाकांसाठी लांब दांड्याचे दुतोंडी गेज मिळते. त्याचे एक तोंड सरळ व दुसरे उलट वळविलेले असते. बाहेरच्या चाकाच्या तबकडीतील भोकातून दांडा आत घालून आतल्या वॉल्व्हवर योग्य ते तोंड टेकवावे. गेज खाली पडले, आपटले की चुकू लागते. म्हणून ते टॉमी-पान्यांच्या पेटीत न टाकता वेगळे ठेवावे, आणि खात्रीच्या दुसऱ्या गेजाशी अधूनमधून ताडून पाहावे.

आतला वॉल्व्ह हाती लागत नाही ही चालकांची तक्रार रास्त आहे. तथापि तिचे कारण बहुधा चाके बसविणाराची घाई हे असते. चाके चढविताना दोन्ही वॉल्व्ह एकमेकांच्या समोरासमोर, म्हणजे घड्याळातील बारा व सहा ह्या आकड्यांप्रमाणे, येतील असे बसवावेत. मग बाहेरचा वॉल्व्ह एका भोकाशी व आतला त्याच्या विरुद्ध भोकाशी हमखास सापडतो. वॉल्व्हला लावावयाची लांबीची नळीही मिळते. मात्र ती पक्की बांधलेली असावी, नाही तर हलून हलून तीच हवा गाळू लागते.

जोडीतील दोन्ही टायरांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. फरक ५ पौंडांहून अधिक नसावा. असल्यास कमी असलेल्यात हवा भरून थांबू नये. ती का गेली ह्याचा शोध घ्यावा. वॉल्व्हच्या तोंडावर थुंकी अगर साबणाचे पाणी लावले असता बुडबुडा आला तर पिन बदलावी. टोपण नसलेला वॉल्व्ह हा आपल्या गाड्यांवरील नेहमीचा देखावा आहे. टोपणाची किंमत क्षुल्लक असते. ते धूळ व चिखल आत जाऊ देत नाही आणि पिन किंचित सैल असली तरी हवा अडवून धरते. वॉल्व्ह निर्दोष असेल तर टायरमध्ये बाभळीचा काटा, खिळा किंवा उसाच्या वाटेतील खुंट शिरला आहे काय हे पाहावे. काटा मोडून आत राहिला म्हणजे हवा एकदम न जाता दोन-चार दिवसांत जाते. आतल्या टायरच्या बाबतीत हे दोन-चार दिवस ध्यानातही येत नाहीत.

दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगडही रोज पाहावा. खडीच्या रस्त्यावरून किंवा ओढ्यातून आलेल्या गाडीत तो हटकून सापडतो. इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून तो टॉमीने काढावा. फारच घट्ट बसला असल्यास बाहेरच्या टायरची हवा कमी करावी, व दगड निघताच ती पुन्हा पुरती भरावी.

जोडी जुळविणे

नव्या टायरशेजारी झिजलेला टायर बसविला तर हवा कितीही काटेकोर भरली तरी घेरातील फरक राहतोच, आणि मोठा टायर भार आपल्या अंगावर घेतो. चाके जॅकवर उचलून, दोन्ही टायरांत सारखी हवा भरून, प्रत्येकाच्या मधोमध दोरी फिरवून घेर मोजावा. दोन घेरांत १९ मिलीमीटरांहून अधिक फरक नसावा. थोडा फरक टाळता येत नसेल तर मोठा टायर बाहेर व लहान आत बसवावा, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता केलेला असतो. रेडियल आणि जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर एका जोडीत कदापि बसवू नये. रिमोल्ड केलेला टायर वापरण्यास हरकत नाही, मात्र त्याचा जोडीदारही त्याच्याच घेराचा असावा.

हवा भरणारास असलेला धोका

ट्यूब असलेल्या मोठ्या टायरची रिम अखंड नसते; तिला सुटी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी उडते, आणि समोर वाकून उभा असलेला मनुष्य वाचत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात हे काम पुष्कळदा कोवळी मुले करताना दिसतात. मालकांनी ते चालू देऊ नये. खोललेला टायर पुन्हा बसविल्यावर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी. नळीचे तोंड वॉल्व्हला आपोआप धरून राहील असे असावे, आणि माणसाने टायरच्या समोर नव्हे तर नक्षीच्या बाजूस, लांब उभे राहावे. दाब चढत असताना लॉक रिंगवर हातोडा मारू नये.

नेमलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर हा हवेविना चाललेला टायरच समजावा. ११० पौंडांच्या टायरसाठी ही मर्यादा ८८ पौंड होय. अशा टायरमध्ये गाडीवरच हवा भरून पुढे निघू नये. आतील तारा तुटल्या असल्यास तो भरतानाच फुटतो. वॉल्व्हची पिन काढून त्याची सर्व हवा सोडावी, जोडीदाराचीही सोडावी, मगच नट सैल करावेत. टायर रिमवरून उतरवून आतून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, आणि शंका आल्यास तो पुन्हा चढवू नये.

रस्त्यात असताना

चहापाण्यासाठी गाडी थांबली की चालकाने एक फेरी मारावी. प्रत्येक मागच्या टायरजवळ व हबजवळ तळवा न टेकवता नेऊन धग पाहावी. चौघांपैकी एकाची धग इतरांहून स्पष्टपणे अधिक असल्यास त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला आहे. धूर अगर जळक्या रबराचा वास येत असल्यास जवळ न जाता माणसे दूर करावीत.

आतल्या टायरची हवा गेल्याचे आढळले आणि कारखाना दहा-बारा किलोमीटरांवर असला म्हणजे 'बाहेरचा चांगला आहे, तेवढे पोचू' असा विचार मनात येतो. काट्यावरील नंबर जाईल ही भीतीही असते. ह्या ठिकाणी चालकास दोष देण्यापूर्वी मालकाने स्वतःकडे पाहावे. उशिराबद्दल चालकाचे पैसे कापणाऱ्या मालकाची गाडी एका टायरवर चालणारच. चाक बदलण्यात गेलेल्या वेळाबद्दल पैसे कापले जाणार नाहीत, असे हंगामाच्या आरंभीच चालकास सांगून ठेवावे. दहा किलोमीटरांत बाहेरचा टायर फुटला तर दोन टायर जातात, गाडी कलंडण्याचा संभव असतो, आणि शेजारून बैलगाडी अगर सायकल जात असेल तर त्या माणसाचा काही अपराध नसतो.

प्रात्यक्षिक व नोंदवही

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील अथवा संस्थेच्या दोन-तीन गाड्या पहाटे एकत्र आणून प्रात्यक्षिक घ्यावे. प्रथम चालकांना टॉमी आपटून प्रत्येक टायरचा दाब अंदाजाने सांगावयास लावावे व तो खडूने टायरवर लिहावा. नंतर गेज लावून खरा आकडा शेजारी लिहावा. दोन आकडे शेजारी शेजारी दिसले म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही. ह्यात चालकाचा पाणउतारा होणार नाही अशी खबरदारी मात्र घ्यावी, कारण पुढे रोज गेज हाती धरणार आहे तो चालकच.

एका मालकास दुतोंडी गेज घेणे जड वाटले तर संस्थेने एक घेऊन गाडीतळावर ठेवावे. आजकाल चाकात बसवून चालकापुढे दाब दाखविणारी यंत्रेही मिळतात. ती बसविली तरी महिन्यातून एकदा गेजाने ताडून पाहणे इष्ट. नोंदवहीत तारीख, वेळ व सहा टायरांचे सहा आकडे लिहावेत. मागील टायरांची नावे 'डावा आतला', 'डावा बाहेरचा' अशी स्पष्ट लिहावीत. 'मागे सर्व ठीक' ही नोंद स्वीकारू नये. हंगामात आठवड्यातून एकदा सर्व नोंदी घ्याव्यात, आणि लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी वेगळी घ्यावी. सुस्थितीतील टायरची हवाही महिन्याकाठी एक-दोन पौंडांनी उतरते. ह्याहून जलद उतरणारा टायर वहीत तीन-चार आठवड्यांतच उघडा पडतो.

सातवा रकाना स्टेपनीचा ठेवावा. गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाही, आणि रात्री घाटात ती उतरविल्यावर तिच्यात चाळीस पौंड हवा आढळते. स्टेपनीत मागील टायरांइतकी अगर पुढील टायरांइतकी, ह्यांपैकी जी अधिक असेल तेवढी हवा ठेवावी. पुढे बसवावी लागली तर जादा हवा सोडता येते, पण रस्त्यात भरता येत नाही. तिचा वॉल्व्ह खालून हात पोचेल अशा बाजूस ठेवूनच ती टांगावी.